कागदावरचे आकडे आणि लेकराची साखर

खरिपाच्या तोंडावर गावोगाव बैठका चालतात. बियाण्याची उगवणक्षमता कशी तपासावी, माती परीक्षणाच्या पत्रिकेतले आकडे कसे वाचावेत, हे सांगून झाले की लोक आपापले कागद घेऊन पुढे येतात. अशाच एका बैठकीत एक शेतकरी सगळे पांगेपर्यंत पारावर बसून राहिला. मग खिशातून घडी घातलेला कागद काढून म्हणाला, "साहेब, तुम्ही मातीचा कागद वाचता, तर माझ्या पोरीच्या रक्ताचा पण वाचून सांगा. तीन हजार आठशे रुपये मोजलेत याला."

कागदावर सीआरपी, इंटरल्युकिन-६, मॅलॉनडायअल्डिहाइड, एकूण अँटिऑक्सिडंट क्षमता अशी चार नावे होती आणि तीन आकड्यांपुढे बाण मारलेले. पोर अकरा वर्षांची. दोन वर्षांपासून इन्सुलिनवर. कोणीतरी घरी येऊन रक्त नेले, आठ दिवसांनी कागद दिला आणि सांगितले की, मुलीच्या अंगात आतून दाह आहे, पेशींना गंज चढतोय. त्यावर बाराशे रुपयांचा पावडरचा डबाही दिला.

मी डॉक्टर नाही. शेतीची पदविका घेतलेला माणूस. पण आकड्यांचे कागद वाचण्यात उमेदीची वर्षे गेली, म्हणून सवयीने पहिला प्रश्न विचारला, "तात्या, पोरीची साखर घरी रोज किती वेळा बघता?"

तो म्हणाला, "रोज कुठली साहेब? आठवड्यातून एकदा. पट्ट्या लई महाग पडतात."

या एका उत्तरासाठी आजचा हा लेख आहे. शेतीच्या पानावर रक्ताच्या तपासण्यांचे काय काम, असे कोणी म्हणेल. पण शेतकऱ्याचा पैसा कुठे मुरतो हे बघणे आमचेच काम आहे, आणि त्यात लेकराचा जीव गुंतलेला असेल तर गप्प बसता येत नाही.

हा मधुमेह वेगळा

गावात साखरेचा आजार म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे पन्नाशीचा, सुटलेल्या पोटाचा माणूस येतो. लहान मुलांत बहुधा होतो तो पहिल्या प्रकारचा मधुमेह. तो गोड खाल्ल्याने होत नाही, आईबापाच्या चुकीने होत नाही, आणि बाहेरची बाधा तर मुळीच नाही. पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड असते. त्यातल्या बीटा पेशी इन्सुलिन तयार करतात. शरीराची राखण करणारी प्रतिकारशक्तीच चुकून या पेशींवर उलटते आणि त्यांचा फडशा पाडते. कुंपणानेच शेत खावे, तसला हा प्रकार. इन्सुलिन संपले की खाल्लेल्या अन्नाची साखर रक्तात फिरत राहते, पेशींना मिळत नाही. पाटाला पाणी भरून वाहतेय पण वाफ्याचे दारेच बंद, मग पीक सुकणारच.

म्हणून अशा लेकराला इन्सुलिन बाहेरून द्यावेच लागते, रोज आणि जन्मभर. १९२१ साली कॅनडातल्या टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन शोधले. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा टोचले. त्याआधी हा आजार झालेले मूल दोन-चार वर्षांतच जायचे. शोधाचे पेटंट या मंडळींनी नाममात्र एका डॉलरला विद्यापीठाला देऊन टाकले. कितीतरी वर्षे हे औषध गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढत. १९८२ पासून ते जिवाणूंच्या साहाय्याने बनवलेले मिळू लागले. बँटिंगचा वाढदिवस १४ नोव्हेंबर, म्हणून तो दिवस जागतिक मधुमेह दिन. आपल्याकडे त्याच दिवशी बालदिन असतो. हा योगायोग आपल्या शाळांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे.

आकडा लहान नाही. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ च्या अंदाजानुसार भारतात वीस वर्षांखालील दोन लाखांहून अधिक मुलामुलींना हा आजार आहे. म्हणजे आपल्या पंचक्रोशीतही असे लेकरू असणार. कदाचित घरच्यांनी लग्नाच्या भीतीने लपवलेले असेल, एवढाच फरक.

दाह आणि गंज म्हणजे काय?

आता त्या कागदाकडे वळू. त्यातली नावे अवघड असली तरी गोष्ट आपल्या ओळखीची आहे.

काटा मोडला की जागा लाल होते, सुजते, ठणकते. तो दाह. शरीराचा कुठलाही भाग असा पेटला की यकृत सीआरपी नावाचे प्रथिन रक्तात सोडते. १९३० साली न्यूमोनियाच्या रुग्णांत ते प्रथम सापडले. इंटरल्युकिन-६ हा यकृताला तसा निरोप देणारा दूत. म्हणजे सीआरपी वाढले याचा अर्थ गावात कुठेतरी धूर दिसतोय. चूल पेटलीय, उकिरडा जळतोय की गंजीला आग लागलीय, हे धुरावरून कळत नाही.

दुसरी गोष्ट गंजाची. ज्यांनी पॅराक्वाट फवारले आहे त्यांनी बघितले असेल की, कडक ऊन असले तर तण काही तासांतच करपते. हे तणनाशक पानात शिरून प्राणवायूचे अतिशय तापट रूप तयार करते, आणि ते पेशीच्या स्निग्ध पडद्याचा नाश करते. भुईमुगाचे तेल उघड्यावर राहिले की खवट होते, तोही याच जातीचा प्रकार. स्निग्ध पदार्थ असा बिघडला की मॅलॉनडायअल्डिहाइड हा पदार्थ निघतो. तेल-मांसाचा खवटपणा याच पदार्थावरून मोजतात. पाण्याच्या ताणात पिकाला किती इजा झाली हे कृषी विद्यापीठांतले संशोधकही याच्यावरूनच पाहतात. मुलीच्या कागदावरचे ते लांबलचक नाव म्हणजे हेच. आणि अँटिऑक्सिडंट म्हणजे हा गंज रोखणारी शरीराची स्वतःची राखणदार फौज.

पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या मुलांचा गट आणि निरोगी मुलांचा गट यांची तुलना अनेक देशांत झाली आहे. मधुमेही मुलांच्या गटात सीआरपी, इंटरल्युकिन-६ आणि मॅलॉनडायअल्डिहाइडची सरासरी जास्त आल्याचे बऱ्याच अभ्यासांनी नोंदवले. राखणदार फौजेबाबत मात्र निष्कर्ष एकसारखे नाहीत. कुठे ती कमी दिसली, कुठे जास्त, कुठे फरकच नाही. एवढे खरे की रक्तात साखर सतत चढी राहिली की हा गंज वाढतो, आणि पुढे डोळे, मूत्रपिंडे आणि रक्तवाहिन्या बिघडण्यात त्याचा वाटा असतो. तेव्हा त्या कागदावरचे शब्द खोटे नव्हते. खोटेपणा होता तो त्या कागदावरून काढलेल्या अर्थात.

सापळ्यातला पतंग आणि रक्तातला बाण

कपाशीत आपण कामगंध सापळे लावतो. सलग तीन दिवस एका सापळ्यात गुलाबी बोंडअळीचे आठ ते दहा पतंग आले की उपाय करायची वेळ झाली, हे आता शाळेतले पोरगेही सांगते. तो आकडा उपयोगाचा का? तर त्याला एक पातळी ठरलेली आहे आणि त्या पातळीला करायचे काम ठरलेले आहे. नुसते पतंग मोजून वहीत लिहिले आणि पुढे काय करायचे हेच माहीत नसेल, तर मोजणी कशासाठी?

दाह आणि गंजाच्या या तपासण्यांचे आज नेमके असे आहे. एका मुलाच्या बाबतीत कितीच्या वर गेले म्हणजे काय करायचे, ते ठरलेले नाही. दुसरी अडचण सरासरीची. दोन गावांच्या सोयाबीनच्या सरासरी उताऱ्यात एकरी एक क्विंटलचा फरक असला, तरी कमी उताऱ्याच्या गावातला एखादा शेतकरी दुसऱ्या गावातल्या चार जणांना मागे टाकतोच. तसे मधुमेही आणि निरोगी मुलांचे आकडे एकमेकांत मिसळलेले असतात. गटाला लागू पडते ते एका लेकराला तसेच लागू पडेल असे नाही.

मी त्या बापाला घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलो. तिथल्या डॉक्टर बाईंनी कागद नीट वाचला आणि विचारले, "रक्त घेतलं त्या आठवड्यात मुलीला काही दुखत होतं का?"

"दाढ किडलीय मॅडम. गाल सुजला होता तवा."

"मग सीआरपी वाढणारच की. उद्याच दाढ दाखवून घ्या. अंगात कुठेही जंतूंची लागण असली की साखर चढते, इन्सुलिन जास्त लागतं. हा कागद मी खोटा म्हणत नाही. पण याच्यावरून मी इन्सुलिनचं एक युनिटही कमी-जास्त करणार नाही. मला तिच्या रोजच्या साखरेची वही दाखवा."

वही नव्हती. हे ऐकून बापाची मान खाली गेली. मला तर त्याच्यापेक्षा जास्त शरम वाटली. गेली दोन वर्षे मी त्याच्या बांधावर जातोय, मातीतला पालाश विचारतोय, आणि घरात काय चाललेय हे कधी विचारले नाही.

कामाचा आकडा कोणता?

पहिला कामाचा आकडा बोटातल्या थेंबाचा. जेवणांआधी आणि झोपताना मिळून दिवसातून चार वेळा तरी साखर बघावी आणि वहीत वेळेसह लिहावी. किती इन्सुलिन, काय खाल्ले, किती खेळली, हेही शेजारी लिहावे. पीक नोंदवही ठेवतो तशी ही लेकराची वही. डॉक्टरला इन्सुलिनचा हिशेब जमवायला हीच लागते.

दुसरा आकडा एचबीए१सी. रक्तातल्या तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. साखर जेवढी चढी, तेवढी ती या पेशींतल्या हिमोग्लोबिनला जास्त चिकटते. त्यामुळे ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. वर्षातून तीन-चार वेळा केली की पुरे. बहुतेक मुलांसाठी सात टक्क्यांच्या आत हे उद्दिष्ट मानतात, पण आपल्या लेकराचे उद्दिष्ट डॉक्टरांनी ठरवायचे. इथे एक सावधगिरी आहे. अंगात लोह कमी असेल तर हा आकडा फसवा वर दिसू शकतो आणि सिकलसेल असेल तर फसवा खाली. नंदुरबार, गडचिरोली अशा सिकलसेलच्या भागांत हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

या आकड्यामागे पुरावा आहे. अमेरिका आणि कॅनडात १९८३ ते १९९३ अशी दहा वर्षे १४४१ रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली. तेरा वर्षांच्या मुलांपासून ३९ वर्षांच्या माणसांपर्यंत लोक त्यात होते. ज्यांनी वारंवार साखर तपासून इन्सुलिन घेतले आणि एचबीए१सी सातच्या आसपास ठेवला, त्यांच्यात डोळ्याच्या पडद्याचा विकार नव्याने होण्याचे प्रमाण, नऊच्या आसपास राहिलेल्यांच्या तुलनेत, ७६ टक्क्यांनी घटले. मूत्रपिंड आणि मज्जातंतूंचेही नुकसान बरेच कमी झाले. मात्र साखर एकदम खाली जाण्याचे गंभीर प्रकार सुमारे तिप्पट झाले. म्हणजे नुसते इन्सुलिन वाढवून चालत नाही, सोबत पट्टीही हवी. दोन्ही चाके असतील तरच गाडी चालते.

आता हिशेब करा. तीन हजार आठशेची तपासणी आणि बाराशेचा डबा, झाले पाच हजार. एक पट्टी वीस रुपयांची धरली तर पाच हजारांत अडीचशे पट्ट्या येतात. रोज चार वेळा म्हटले तरी दोन महिने पुरतात. गंज किती चढला हे एकदा बघण्याच्या पैशात, गंज चढूच नये म्हणून दोन महिने राखण झाली असती.

डब्याचा धंदा

आपल्याकडे पिकाला टॉनिक विकणारे येतात. पान पिवळे दिसले की टॉनिक, फूल गळाले की टॉनिक. मुळाला पाणी साचलेय की पालाश कमी आहे, हे बघायचेच नाही. लेकराच्या अंगातला गंज काढणारी पावडर ही त्याच जातीची. जीवनसत्त्व ई, जीवनसत्त्व सी असल्या गोळ्या मधुमेहात देऊन बऱ्याच चाचण्या झाल्या, पण त्यांनी पुढची गुंतागुंत टळते असे ठोस सिद्ध झालेले नाही. अमेरिकन मधुमेह संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांतही, अंगात कमतरता नसताना अशा गोळ्या-पावडरी देण्याची शिफारस नाही. आपली मेथीची भाजी, शेवगा, आवळा, मटकी-हुलगा, शेंगदाणा हे आधी लेकराच्या ताटात जाऊ द्या. तेही इन्सुलिनच्या जोडीला, इन्सुलिनच्या ऐवजी नव्हे.

हे शेवटचे वाक्य फार महत्त्वाचे आहे. दहा ठिकाणी दहा लोक सांगतात की, आमचे औषध घ्या, इन्सुलिनची सवय सुटेल. इन्सुलिन ही सवय नव्हे. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात ते बंद केले तर काही दिवसांतच, कधी कधी दोन दिवसांतही, रक्तात आम्ल साचून लेकरू बेशुद्ध पडते आणि दगावते. आजारपणात मूल जेवत नसले तरी इन्सुलिन पूर्ण बंद करायचे नसते. डोस किती ठेवायचा ते डॉक्टरला विचारायचे.

मग हे संशोधन वायफळ आहे का? अजिबात नाही. अभ्यास झालाच पाहिजे. प्रतिकारशक्तीच्या खुणा रक्तात शोधता शोधताच टेप्लिझुमॅब हे औषध हाती आले. ज्यांच्या रक्तात या आजाराची प्रतिपिंडे दिसतात आणि साखरेत सुरुवातीचा बिघाड आहे, पण आजार अजून उघड झालेला नाही, अशांना ते दिल्यावर चाचणीत आजार सुमारे दोन वर्षे लांबला. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. दाह-गंजाच्या खुणांचाही उद्या असा उपयोग निघेल. पण विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर चाललेला प्रयोग वेगळा आणि शेतकऱ्याच्या रानात खर्चाने मारलेला फवारा वेगळा. संशोधनासाठी लेकराचे रक्त हवे असेल तर आईबापाची लेखी संमती लागते, जाणत्या मुलालाही विचारावे लागते, आणि त्या तपासणीचे पैसे घरच्यांकडून घ्यायचे नसतात. कोणी रक्तही मागतो आणि पैसेही मागतो, तर तो संशोधक नव्हे, दुकानदार समजावा.

ऊन, मडके आणि सिरिंज

डॉक्टर बाईंनी पुढे विचारले की, इन्सुलिनची बाटली कुठे ठेवता. बाप म्हणाला, "देवळीत, चुलीच्या वरच्या अंगाला. लहान पोरांचा हात पोचू नये म्हणून." रायझोबियमचे पाकीट उन्हात ठेवले की जिवाणू मरतात आणि मग बीजप्रक्रिया करून उपयोग नाही, हे आपण जाणतो. लाळ-खुरकताची लस बर्फातून आणतो. मग लेकराचे औषध चुलीवर कसे?

न उघडलेली बाटली फ्रीजमध्ये २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवायची, पण बर्फाच्या कप्प्यात नाही. गोठलेले इन्सुलिन टाकून द्यायचे. वापरात घेतलेली बाटली थंड सावलीत साधारण चार आठवडे चालते. फ्रीज नसेल तर मातीची दोन मडकी घ्या, एकात एक बसवा, मधल्या फटीत वाळू भरून ती ओली ठेवा, वर ओले फडके टाका. बाटली प्लास्टिकच्या कोरड्या डबीत घालून आतल्या मडक्यात ठेवा. भाजीपाल्यासाठी विटा-वाळूचा शून्य ऊर्जा शीतकक्ष करतो, तेच तत्त्व. केनियातल्या निर्वासितांच्या छावणीतले तापमान धरून केलेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, २५ ते ३७ अंशांच्या चढउतारातही इन्सुलिनची ताकद चार आठवडे टिकल्याचे दिसले. म्हणजे फ्रीज नाही म्हणून हातपाय गाळायचे कारण नाही. पण आपल्या मे महिन्यातले ४२ अंश आणि चुलीची धग त्यात बसत नाही.

दुसरी चूक सिरिंजची. आपल्याकडे ४० युनिटची आणि १०० युनिटची अशी दोन्ही इन्सुलिने मिळतात. ४० च्या बाटलीला लाल टोपणाची सिरिंज, १०० ला नारिंगी टोपणाची. अदलाबदल झाली तर मात्रा थेट अडीच पटीने चुकते. हाताच्या पंपाचे प्रमाण आणि पेट्रोल पंपाचे प्रमाण यांची गल्लत झाली की पीक जळते, हे सांगायला नको. औषध घेताना बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा जुळवूनच घरी यावे.

गावाने काय करावे?

सरपंच, ग्रामसेवक, मुख्याध्यापक, अंगणवाडी ताई आणि आशाताई यांना माझे कळकळीचे सांगणे आहे.

पहिले, ओळख. चांगले मूल एकाएकी सारखे पाणी पिऊ लागले, सारखे लघवीला जाऊ लागले, बंद झालेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू झाले, खाऊनही वाळत चालले, तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात साखर तपासावी. लघवीला मुंग्या लागतात हेही लक्षण आपल्या म्हाताऱ्या माणसांना माहीत आहे. उलट्या, पोटात दुखणे, खोल आणि जोरजोरात श्वास, तोंडाला फळासारखा वास ही धोक्याची पुढची पायरी. या मुलीलाही आधी जंताचे औषध दिले, मग अंगारा लावला, आणि तिसऱ्या दिवशी बेशुद्ध अवस्थेत जीपमध्ये घातले. वाचली हे नशीब. थेंबभर रक्ताची तपासणी पहिल्याच दिवशी झाली असती तर जीप लागलीच नसती.

दुसरे, शाळा. मुलीला वर्गात घाम फुटला, हात थरथरू लागले, ती बावचळली, तर साखर खाली गेली असे समजून लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्यावी. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, गरज वाटली तर पुन्हा द्यावी. बेशुद्ध असेल तर तोंडातून काहीही न देता तडक दवाखाना गाठावा. तासाच्या मध्ये खायला, पाणी प्यायला, लघवीला जायला अशा मुलांना आडकाठी करू नये. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ सालीच मधुमेही विद्यार्थ्यांना परीक्षेत खाऊ नेण्याची मुभा दिली. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेच्या गुरुजींनी एवढे करायला कोणाच्या पत्राची वाट बघू नये.

तिसरे, पैसा. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला व बालकल्याणासाठी खर्च करायचे असतात. बऱ्याच गावांत त्यातून सतरंज्या आणि खुर्च्या येतात. साखर मोजायचे यंत्र आणि पट्ट्या यांचा विषय नियमात बसवून ग्रामसभेपुढे का येऊ नये? राज्य शासनाने ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार निःशुल्क केले आहेत. तिथे इन्सुलिन शिल्लक नसेल तर नुसते परत फिरू नये, मागणीची नोंद करून घ्यावी. आपण खतासाठी तालुक्याला मोर्चा नेतो. एका लेकराच्या इन्सुलिनसाठी सरपंचाने एक अर्ज लिहायला काय हरकत आहे?

चौथे, बाहेरून येणारे. गावात कोणी रक्त गोळा करायला आले तर ग्रामपंचायतीने त्यांचे कागदपत्र बघावेत आणि आरोग्य केंद्राला कळवावे. बोगस बियाण्याच्या गाडीला आपण वेशीवर अडवतो, तसे.

शेवटी त्या मुलीचे सांगतो. दाढ काढली, बाटली मडक्यात गेली, पावडरीचा डबा बंद झाला आणि त्या पैशाच्या पट्ट्या येऊ लागल्या. वही आता तीच लिहिते, तिच्या बापापेक्षा सुवाच्य. सुरुवातीला एचबीए१सी ११.२ होता, तीन महिन्यांनी ९.१ आला. अजून पल्ला आहे. डॉक्टर बाई म्हणाल्या, चांगली सुरुवात आहे, पण थांबू नका.

परवा बांधावर भेटला तेव्हा बाप म्हणाला, "साहेब, तो पहिला कागद फाडून टाकू का?" मी म्हणालो, फाडू नका, वहीच्या पुठ्ठ्यात घालून ठेवा. पुढच्या वेळी कोणी नवा आकडा विकायला आला की कागद काढा आणि त्याला एवढेच विचारा: हा आकडा वर आला तर उद्या सकाळी मी माझ्या लेकरासाठी नेमके काय वेगळे करायचे? त्याला उत्तर देता आले नाही तर पैसे खिशातच ठेवा आणि पट्ट्यांची डबी घेऊन घरी जा.